स्टोकनहॅम : गारगोट्यांच्या किनाऱ्यावरची पॅरिश

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन काउंटीच्या अगदी दक्षिण टोकाला, किंग्जब्रिज या बाजारगावापासून पाचएक मैल पूर्वेला स्टोकनहॅम नावाची पॅरिश आहे. पूर्वेला स्टार्ट बे हा उथळ उपसागर, दक्षिणेला समुद्रात शिरलेले स्टार्ट पॉइंटचे खडकाळ टोक आणि उरलेल्या बाजूंना चढउतारांची, दाट कुंपणांची शेती. वस्ती सारी मिळून दोन हजारांच्या आसपास. स्टोकनहॅम, चिलिंग्टन, टॉरक्रॉस, बीसँड्स आणि हॉलसँड्स ही तिची मुख्य गावे. बीसन, डनस्टन, केलेटन, कर्नबरो अशा वाड्या आणि अधूनमधून विखुरलेली एकेकटी शेतघरे त्यांच्या जोडीला. पाचांपैकी दोन गावे टेकडीच्या आतल्या बाजूला आहेत, तीन समुद्रकाठी. किनाऱ्यावरच्या या तीन गावांनी गेल्या सव्वाशे वर्षांत जे सोसले, त्यामुळे एवढ्याशा प्रदेशाचे नाव इंग्लंडच्या किनारपट्टीच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. ते सारे नीट समजायचे तर आधी इथला कारभार आणि मग इथली जमीन पाहावी लागते.

इंग्लंडमध्ये पॅरिश हा मुळात चर्चचा विभाग. एका चर्चच्या छायेखाली येणारी गावे म्हणजे एक पॅरिश. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून गोरगरिबांना मदत देण्याचे आणि त्यासाठी कर गोळा करण्याचे काम या विभागांवर आले आणि धर्माच्या चौकटीत हळूहळू मुलकी कारभार शिरला. १८६६ च्या कायद्याने मुलकी पॅरिश ही चर्चच्या पॅरिशहून वेगळी ठरवली आणि १८९४ च्या कायद्याने ग्रामीण भागात निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिली अस्तित्वात आणल्या. मराठी वाचकाला इथे ग्रामपंचायत आठवणे साहजिक आहे, पण अधिकार पाहिले तर पॅरिश कौन्सिल तिच्याहून बरीच दुबळी. खेळाची मैदाने, पायवाटा, दफनभूमी, सभागृह, बसथांबे, भाजीपाल्याचे सार्वजनिक वाफे ही तिची कामे; घरपट्टीत मिसळून येणारी छोटी रक्कम हा तिचा पैसा. शेजारी कुणी घर बांधायला काढले तर ती मत नोंदवू शकते, परवानगी देणे किंवा नाकारणे जिल्ह्याच्या हाती. रस्ते आणि शाळा काउंटीच्या ताब्यात. किनाऱ्याचा, समुद्रतळाचा आणि संरक्षणाचा निर्णय त्याहूनही दूर, थेट लंडनमध्ये. स्टोकनहॅमच्या इतिहासातले मोठे निर्णय याच दूरच्या टेबलांवर झाले.

आता जमीन. हॉलसँड्सपासून पश्चिमेला आउटर होपपर्यंत खडकांची एक सीमारेषा जाते. तिच्या दक्षिणेला अभ्रकाने चमकणारे आणि हिरवट असे जुने शिस्ट खडक, उत्तरेला डेव्हनच्या ओळखीच्या पाटीच्या दगडाचे थर. स्टार्ट पॉइंटचा करवतीसारखा कणा याच शिस्टचा. पण किनाऱ्यावर पसरलेले गोटे यांपैकी कोणत्याच खडकाचे नाहीत. ते बहुतांशी चकमकीचे, म्हणजे गारगोटीचे आहेत. गारगोटी खडूच्या खडकात तयार होते आणि इथे आसपास खडूचा कडा नाही. मग ती आली कुठून? शेवटचे हिमयुग संपून समुद्राची पातळी वाढू लागली तेव्हा इंग्लिश खाडीच्या कोरड्या तळावर पसरलेला गारगोट्यांचा थर लाटांनी पुढे लोटत लोटत आजच्या किनाऱ्यापर्यंत आणला. हॉलसँड्स, बीसँड्स आणि स्लॅप्टन येथील दगडगोट्यांचे पट्टे या दीर्घ वाहतुकीतून उभे राहिले. त्यांच्यामागे गोड्या पाण्याची तळी अडली. बीसँड्सच्या मागे विडिकोम ले, टॉरक्रॉसच्या घरांपासून उत्तरेला दीडएक मैल पसरलेले स्लॅप्टन ले. यांतले दुसरे नैर्ऋत्य इंग्लंडमधील सर्वांत मोठे नैसर्गिक गोडे तळे मानले जाते.

या उत्पत्तीतला एक मुद्दा फार महत्त्वाचा आहे. गोटे आणून टाकणारी ती प्रक्रिया आता थांबली आहे. नदी नवे गोटे आणत नाही, कडा कोसळून नवी गारगोटी मिळत नाही. जो साठा आहे तो आहे. नैर्ऋत्येच्या लाटा तो उत्तरेकडे सरकवतात, पूर्वेचे वारे उठले की त्यातला काही भाग पुन्हा दक्षिणेकडे येतो. एका वर्षी एका गावापुढे पुळण भरून येते, दुसऱ्या वर्षी खरवडली जाते. बेरीज मात्र तीच राहते. कोळ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या पाहून ठाऊक होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यांनी इथले गोटे उपसण्याचा परवाना दिला, त्यांना ते ठाऊक नव्हते किंवा त्यांनी ते मनावर घेतले नाही.

मध्ययुगात या भागातली माणसे समुद्राकाठी राहत नसत. वस्ती होती ती आत, वाऱ्यापासून आडोशाच्या खोलगट जागी, शेतांच्या मधोमध. इतिहासकार हॅरल्ड फॉक्स यांनी दक्षिण डेव्हनच्या किनाऱ्यावरील कोळीगावे कशी घडली याचा सविस्तर अभ्यास केला आणि त्यासाठी स्टोकनहॅमच्या जहागिरीचे चौदाव्या शतकातील दस्त त्यांना फार उपयोगी पडले. त्यांतून दिसते ते असे : मासेमारी हा तेव्हा शेतकऱ्याचाच जोडधंदा होता. होड्या, जाळी, मीठ ठेवण्यासाठी किनाऱ्यावर खोपटी उभारलेली असत; काम झाले की माणूस दिवेलागणीला टेकडी चढून घरी जाई. जहागीरदाराच्या कुळांना माशांचे थवे दिसतात का यावर नजर ठेवण्याची वेठही करावी लागे. मध्ययुगाच्या अखेरीस या खोपट्यांचीच घरे झाली, शेती सुटली आणि केवळ समुद्रावर जगणारी माणसे तिथे कायमची राहू लागली. म्हणजे टॉरक्रॉस, बीसँड्स, हॉलसँड्स ही गावे त्यांच्या मागच्या शेतवाड्यांपेक्षा बरीच तरुण आहेत. पुळणीवर घर बांधू नये, हे जुन्या लोकांना कळत होते. गरजेने ते मागे पडले.

आतल्या गावांविषयी सांगण्यासारखे कमी आहे, कारण त्यांचे आयुष्य तुलनेने सुरळीत गेले. स्टोकनहॅम गावात सेंट मायकल अँड ऑल एंजल्स हे चर्च आहे. आजची इमारत मुख्यतः पंधराव्या शतकातली असून ऐतिहासिक वास्तूंच्या पहिल्या श्रेणीत नोंदलेली आहे. शेजारच्या चिव्हलस्टोन आणि शरफर्ड या पॅरिशही एके काळी याच चर्चच्या अखत्यारीत होत्या, यावरून त्याचा जुना विस्तार लक्षात येतो. चिलिंग्टन हे किंग्जब्रिज ते डार्टमथ रस्त्यावर लांबट पसरलेले गाव. विसाव्या शतकात नवी घरे झाली ती बव्हंशी इथेच आणि आज पॅरिशमधील सर्वाधिक वस्तीही इथेच आहे. वाड्यांना जोडणाऱ्या वाटा दोन्ही बाजूंच्या उंच बांधांमुळे इतक्या खोल आणि अरुंद आहेत की समोरून गाडी आली तर एकाला बरेच अंतर मागे जावे लागते. दगडमातीच्या या बांधांवर झाडोरा वाढवलेला असतो. तो वारा अडवतो, गुरांना अडवतो आणि शेताची हद्दही सांगतो. अंगाने भारी, तांबूस रंगाच्या साउथ डेव्हन गाई या भागाची खास जात.

किनाऱ्यावरचा संसार निराळा. एकोणिसाव्या शतकात इथल्या घराघरांतून खेकड्यांची आणि लॉब्स्टरची पकड चाले. वाळुंजाच्या जातीच्या विलो झाडाच्या लवचिक काठ्या हिवाळ्यात तोडून त्यांचे पिंजरे विणले जात, आत आमिष बांधून ते खडकाळ तळावर सोडले जात. याशिवाय मॅकरेल आणि मुलेट माशांसाठी किनाऱ्यावरून मोठे जाळे टाकले जाई. कड्यावरून एक जण पाण्यातली काळसर छाया ओळखून इशारा करी, होडी अर्धवर्तुळात जाळे पसरत जाई आणि मग बायामाणसे, म्हातारेकोतारे, पोरे असे सारे गाव दोर ओढायला लागे. मालवणच्या किनाऱ्यावरची रापण ज्याने पाहिली आहे त्याला हे दृश्य वेगळे समजावून सांगायला नको. वाटे पाडण्याची रीतही त्याच वळणाची. बंदर कुठेच नव्हते. होडी परत आली की ती हाताने पुळणीवर चढवावी लागे. लाटा माजलेल्या असल्या तर पोहण्यात तरबेज न्यूफाउंडलंड जातीचे कुत्रे पाण्यात जाऊन होडीवरचा दोर तोंडात धरून किनाऱ्यावर आणत, असे त्या काळच्या वर्णनांत आहे. अशा गावाला पुढ्यातली पुळण म्हणजे अंगण, वखार आणि बंदर असे तिन्ही होती. शिवाय ती भिंतही होती, कारण वादळात लाटेचा जोर त्या गोट्यांवर फुटत असे आणि घरापर्यंत पोचत नसे.

हॉलसँड्सची घरे कड्याच्या पायथ्याशी खडकाच्या अरुंद पायरीवर बांधलेली होती. १८९१ च्या शिरगणतीत तिथे ३७ घरे आणि १५९ माणसे होती. टपाल, किराणा, 'लंडन इन' नावाची खानावळ, सगळे एका रांगेत. घरांच्या पुढे रुंद, उंच पुळण. त्याच दशकात ब्रिटिश नौदलाने प्लिमथजवळच्या कीहॅम येथील गोदीचा मोठा विस्तार हाती घेतला. काँक्रीटसाठी वाळू आणि गोटे हवे होते. सर जॉन जॅक्सन यांच्या कंपनीला हे काम मिळाले होते आणि त्यांना स्टार्ट बेमध्ये हॉलसँड्स व बीसँड्सच्या समोर, भरती आणि ओहोटीच्या रेषांदरम्यान उपसा करण्याचा परवाना लंडनच्या व्यापार मंडळाने १८९६ मध्ये दिला. उपसलेली जागा समुद्र आपोआप भरून काढील, हे त्यामागचे गृहीत. गावाला कुणी विचारले नाही.

एप्रिल १८९७ मध्ये ड्रेजर आले. दिवसाला १,६०० टनांपर्यंत गोटे उचलले जाऊ लागले. गावकऱ्यांनी लगेच तक्रार केली : पिंजरे तुटतात, मासे पळतात आणि पुळण खचते आहे. त्याच वर्षी चौकशी झाली. तीत धोका नसल्याचे सांगण्यात आले आणि कंत्राटदाराने उपसा चालू असेपर्यंत कोळ्यांना वर्षाला १२५ पौंड देण्याचे कबूल केले. गोष्ट इथेच मिटली असे दूरच्या कार्यालयांना वाटले असावे. पण १९०० पर्यंत पुळणीची उंची सात ते बारा फुटांनी उतरली होती आणि त्या वर्षीच्या वादळी लाटांनी गावाची संरक्षक भिंत पोखरायला सुरुवात केली. टॉटनेसचे खासदार फ्रँक मिल्डमे यांनी प्रश्न लावून धरला, किंग्जब्रिजच्या ग्रामीण जिल्हा कौन्सिलने लेखी तक्रार केली, निरीक्षक येऊन गेला. उपसा बंद करावा अशी त्याची शिफारस आली आणि ८ जानेवारी १९०२ रोजी परवाना रद्द झाला. तोपर्यंत सुमारे साडेसहा लाख टन गोटे गेले होते.

उपसा थांबला म्हणून पुळण परत आली नाही. येणारच नव्हती, तो साठा हजारो वर्षांपूर्वीचा आणि मर्यादित होता. खोल झालेल्या पाण्यातून लाटा आता न फुटता सरळ भिंतीपर्यंत येऊ लागल्या. १९०३ मध्ये काही घरे गेली. मग काँक्रीटची नवी भिंत उभारली आणि दहाएक वर्षे गाव तगले. २६ जानेवारी १९१७ च्या रात्री पूर्वेचा वादळी वारा आणि मोठी उधाणाची भरती एकत्र आली. भिंत फुटली, पाणी छपरांवरून कोसळू लागले, जमिनीखालचे भराव वाहून गेल्यावर घरे अक्षरशः खचली. माणसे मुलाबाळांना घेऊन कड्यावर चढली. एकही जीव गेला नाही, ही त्या रात्रीची एकमेव चांगली गोष्ट. शेवटी राहण्याजोगे एकच घर उरले.

याला नैसर्गिक आपत्ती म्हणता येत नाही. इथे कारण-परिणामांची साखळी पूर्ण आहे : परवाना, उपसा, खचलेली पुळण, मग लाट. प्लिमथचे अभियंता रिचर्ड हॅन्सफर्ड वर्थ यांनी पुळणीची वर्षानुवर्षे मोजमापे घेऊन ही साखळी सिद्ध केली होती. किती गोटे गेले आणि पातळी कुठे किती उतरली, याच्या त्यांच्या नोंदी आजही किनाऱ्याची धूप शिकवताना उदाहरण म्हणून वापरल्या जातात. तरीही भरपाई मिळायला सात वर्षे झगडावे लागले. हाती आली ती रक्कम सहा हजार पौंडांची, आणि तीतून १९२४ मध्ये थोडे उत्तरेला, उंचावर, दहा घरे बांधली गेली. नव्या हॉलसँड्सची सुरुवात तिथून. बेघर झालेली बरीच कुटुंबे त्याआधीच पांगली होती.

जुन्या गावातून सगळेच गेले नाहीत. एलिझाबेथ प्रेटीजॉन ही बाई उरलेल्या एकुलत्या घरात एकटी राहत होती. १९६४ मध्ये ती वारली तोपर्यंत तिथे येणाऱ्यांना ती ते उद्ध्वस्त गाव दाखवत असे. ट्राउट कुटुंबातील बहिणींची हकिकतही इथे नोंदवलीच पाहिजे. वडील गेल्यावर या मुली होडी चालवून, पिंजरे टाकून घर सांभाळत होत्या, जे त्या काळी बायकांचे काम समजले जात नव्हते. सप्टेंबर १९१७ मध्ये, गाव बुडून आठ महिने होत नाहीत तोच, 'न्यूहोम' हे जहाज सुरुंगावर आदळून स्टार्ट पॉइंटजवळ बुडाले. एला ट्राउट नात्यातल्या एका १० वर्षांच्या मुलासह होडी वल्हवत तिथे पोचली आणि पाण्यात झगडणाऱ्या एका खलाशाला तिने वाचवले. त्याबद्दल तिला ओबीई हा सन्मान मिळाला. पुढे या बहिणींनी कड्यावर स्वतः हॉटेल बांधले आणि ते १९५९ पर्यंत चालवले. आज जुन्या गावाच्या काही भिंती, धुराड्याचे अवशेष आणि खडकाची पायरी एवढेच दिसते. कडा ढासळत असल्याने तिथे उतरण्यास मनाई आहे.

हॉलसँड्सच्या दक्षिणेला स्टार्ट पॉइंट. इंग्लिश खाडीतून पश्चिमेकडे जाणाऱ्या जहाजांसाठी हे टोक फार काळ घातक होते. जेम्स वॉकर यांनी आखलेले २८ मीटर उंचीचे पांढरे दीपगृह इथे १८३६ मध्ये उभे राहिले. दीपगृह असूनही धोका टळला नाही, हे मार्च १८९१ च्या हिमवादळात दिसले. ९ मार्चच्या रात्री 'मराना' ही आगबोट ब्लॅकस्टोन खडकावर फुटली आणि त्याच रात्री 'ड्रायड' हे शिडाचे जहाज सर्व खलाशांसह नष्ट झाले. दीपगृह १९५९ मध्ये विजेवर आले, १९९३ मध्ये स्वयंचलित झाले आणि शेवटचे रखवालदार निघून गेले. धुक्यात भोंगा वाजवण्याची इमारत मात्र त्यापूर्वीच, १९८९ मध्ये, पायाखालची जमीन ढासळून कोसळली होती.

बीसँड्स हे मधले गाव. उपशाची झळ त्यालाही बसली होती, पण घरे थोडी मागे असल्याने ते वाचले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांच्या हल्ल्यात इथले काही रहिवासी मारले गेले. आज गावापुढे मोठाल्या दगडांचा बांध आहे आणि होड्या अजून समुद्रात जातात. या कोळ्यांचे एक काम विशेष नोंदवण्याजोगे आहे. यांत्रिक ट्रॉलर समुद्रतळ खरवडत जाताना पिंजऱ्यांच्या माळा तोडून नेत आणि त्यावरून वर्षानुवर्षे भांडणे होत. १९७८ मध्ये दक्षिण डेव्हनच्या पिंजरेवाल्यांनी आणि ट्रॉलरवाल्यांनी एकत्र बसून करार केला : अमुक पट्टा वर्षभर फक्त पिंजऱ्यांचा, अमुक पट्टा अमुक महिने ट्रॉलरला मोकळा. नकाशे छापले, दरवर्षी त्यात फेरफार होत गेले. हा करार कोणत्याही कायद्याने लादलेला नव्हता. धंदा करणाऱ्यांनी आपापसात केला आणि पाळला. शासनाने त्याला कायद्याचे बळ दिले ते बऱ्याच वर्षांनी. जिथे फक्त पिंजरे टाकले जातात त्या भागात तळावरचे सजीव अधिक विविध आणि विपुल असल्याचे संशोधकांनी नंतर दाखवून दिले. मत्स्यव्यवस्थापनाच्या चर्चेत या कराराचा उल्लेख आवर्जून येतो, तो योग्यच आहे.

टॉरक्रॉस हे पॅरिशचे उत्तरेकडचे किनारी गाव, एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे स्लॅप्टन ले. इथली गारगोट्यांची पुळण, तिच्यामागचे तळे आणि त्यापलीकडची चढण ही रचना नॉर्मंडीतील युटा किनाऱ्याशी मिळतीजुळती होती. फ्रान्सवर उतरण्याची तालीम अमेरिकी सैन्याला करायची होती. त्यामुळे नोव्हेंबर १९४३ मध्ये हुकूम निघाला : २० डिसेंबरपर्यंत सगळा भाग रिकामा करायचा. सहा पॅरिशमधील सुमारे ३०,००० एकर जमीन, १८० शेतघरे, ३,००० माणसे. स्टोकनहॅम, चिलिंग्टन आणि टॉरक्रॉस ही गावे त्यात होती. लोकांना हे चर्चमध्ये भरलेल्या सभांत सांगण्यात आले. सहा आठवड्यांच्या आत गुरे विकायची, उभ्या पिकांची व्यवस्था लावायची, म्हाताऱ्यांना हलवायचे, आणि जायचे कुठे ते स्वतःच शोधायचे. चर्चमधील मौल्यवान वस्तू काढून नेल्या. कित्येकांनी आपली पॅरिश त्यापूर्वी कधी सोडलेली नव्हती. खऱ्या तोफगोळ्यांचा सराव होणार असल्याने परत आल्यावर घर उभे असेल की नाही हे कुणालाच सांगता येत नव्हते.

या सरावांतला 'एक्सरसाइज टायगर' एप्रिल १९४४ च्या अखेरीस झाला. २८ एप्रिलच्या पहाटे रणगाडे आणि सैनिक घेऊन किनाऱ्याकडे येणाऱ्या जहाजांच्या तांड्यावर लाइम बेमध्ये जर्मन टॉर्पेडो बोटींनी हल्ला केला. दोन जहाजे बुडाली, इतरांचे नुकसान झाले आणि मृतांचा आकडा सर्वसाधारणपणे ७४९ असा दिला जातो. थोड्याच आठवड्यांवर नॉर्मंडीची चढाई होती, त्यामुळे ही घटना दाबून ठेवण्यात आली. गावकरी १९४४ च्या उन्हाळ्यानंतर टप्प्याटप्प्याने परतले. फुटलेल्या खिडक्या, उपटलेली कुंपणे, उंदरांनी भरलेली घरे आणि शेतात न फुटलेले गोळे त्यांच्या वाट्याला आले. सैन्याने स्थानिकांच्या त्यागाबद्दल पुढे पुळणीवर स्मारकस्तंभ उभारला; मेलेल्या सैनिकांसाठी मात्र तिथे काही नव्हते.

ती उणीव एका खासगी माणसाने भरून काढली. टॉरक्रॉसला राहणारे केन स्मॉल पुळणीवर भटकताना काडतुसे, बटणे, नाणी गोळा करत. एका कोळ्याकडून त्यांना समजले की समुद्रतळावर काहीतरी मोठे पडले आहे आणि जाळी त्यात अडकतात. तो सरावादरम्यान बुडालेला शर्मन रणगाडा निघाला. स्मॉल यांनी अमेरिकी सरकारशी पत्रव्यवहार करून १९७४ मध्ये तो ५० डॉलरना विकत घेतला आणि पुढची दहा वर्षे खटपट करून मे १९८४ मध्ये पाण्याबाहेर काढला. आज तो टॉरक्रॉसला तळ्याकाठी, मृतांच्या स्मारकाच्या रूपाने उभा आहे. सरकारांनी चाळीस वर्षे टाळलेले काम एका सामान्य माणसाने पुरे केले, याबद्दल मनापासून आदर वाटतो.

युद्ध संपले तरी टॉरक्रॉसचा समुद्राशी झगडा चालूच राहिला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस वादळांनी घरांत पाणी शिरले आणि त्यानंतर १९८० मध्ये आजची काँक्रीटची भिंत झाली. तिच्या पुढची पुळण नैर्ऋत्येच्या लाटांमुळे उत्तरेकडे सरकत राहते. ती खूप उतरली की भिंतीचा पाया उघडा पडतो. टॉरक्रॉसहून उत्तरेला डार्टमथकडे जाणारा ए३७९ हा मुख्य रस्ता तर थेट गोट्यांच्या बांधावरूनच जातो. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला तळे. जानेवारी २००१ च्या वादळात त्याचा एक भाग तुटला आणि तो आतल्या बाजूला सरकवून पुन्हा बांधला. मार्च २०१८ मध्ये 'एमा' वादळाने तो पुन्हा तोडला आणि अनेक महिने वाहतूक बंद राहिली. प्रत्येक वेळी आत सरकायला जागा कमी उरते, कारण मागे तळे आहे आणि ते राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. रस्त्यासाठी बांध बांधून पुळण जखडली तर ती नैसर्गिकरीत्या मागे सरकू शकणार नाही आणि अधिक लवकर झिजेल. मोकळी सोडली तर रस्ता जाईल. किनारा व्यवस्थापनाच्या आराखड्यांत हा रस्ता कायम राखण्याची हमी नाही.

या अनिश्चिततेत पॅरिशची माणसे जगत असतात. किनाऱ्यावरच्या घरांपैकी बरीच आता सुट्टीपुरती उघडतात. उन्हाळ्यात गजबज, हिवाळ्यात अंधाऱ्या खिडक्या. घरांच्या किमती स्थानिक पगाराच्या आवाक्याबाहेर गेल्याने कोळ्यांची, शेतमजुरांची मुले चिलिंग्टनच्या नव्या वसाहतीत किंवा किंग्जब्रिजला राहतात आणि कामापुरती पुळणीवर येतात. दुय्यम घरांवर दुप्पट कर लावण्याची मुभा इंग्लंडमधील कौन्सिलांना २०२५ पासून मिळाली आहे. पॅरिश कौन्सिल आजही मासिक सभा घेते, पायवाटांची आणि पार्किंगची चर्चा करते, जिल्ह्याला आणि काउंटीला पत्रे लिहिते. रस्ता बंद पडतो तेव्हा टॉरक्रॉसहून डार्टमथला जाणारी बस, भाजीची गाडी आणि रुग्णवाहिका आतल्या वाड्यांमधून, त्याच उंच बांधांच्या अरुंद वाटांनी वळसा घालून जातात.